कल्हईचा जोड

उखर्डू माझ्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. आज चौथा दिवस. सकाळी सातला येतो, देवळात आल्यासारख्या चपला फाटकाबाहेर काढतो आणि लॉरीखाली शिरतो. माझी सून अलका त्याला चहा नेऊन देते, मी सांगते म्हणून नेते. "भाऊ, चहा." "हो वहिनी, ठेवा." ती मडगार्डवर कप ठेवते. तिथं तो थंड होतो, वर साय धरते, सायीवर चिंचेचं पान पडतं, मग अलका तो कप उचलून मोरीत ओतते. नको म्हणाला असता तर मी त्याला दोन शब्द ऐकवले असते. पण 'ठेवा' म्हणणाऱ्या माणसाला काय ऐकवायचं? दुपारी फडक्यातली स्वतःची भाकर खातो आणि पाणी प्यायला उठून रस्त्यापलीकडच्या सरकारी नळावर जातो. जळालेला कान आळीकडे करून ओंजळीनं पितो. आळी बघते. समोरची भागाबाई तर मुद्दाम धान्य पाखडायला त्याच वेळेला ओट्यावर बसते. "काय व रंभाबाई, तुमच्या घरचा माठ फुटला का?" असं तिनं काल विचारलं. मी म्हटलं, "माठ शाबूत आहे, भागाबाई, तुमचं सूप फाटलंय, दाणे खाली सांडून राहिले." तिनं सूप उचललं. पण तिला जे म्हणायचं होतं ते तिनं म्हणून घेतलं होतं.

ह्या माणसाला मी बोलावलेलं नाही. नंदकुमारनं बोलावलं, माझ्या मुलानं. ज्या माणसाला मी माझ्या तोंडानं ह्या फाटकातून घालवलं, त्याला मला न विचारता परत आणला, आणि वर म्हणतो, "आई, लॉरीच्या नसा त्याला माहीत आहेत, पंडित मिस्त्री एकटा काय करणार?" लॉरी माझ्या नावावर आहे. हे गेल्यावर नंदकुमारनंच ती माझ्या नावावर लावली, तेव्हा त्याला तिचा काही उपयोग नव्हता. लढाई संपली तेव्हा मिलिटरीच्या लिलावात ह्यांनी ती घेतली होती. हंगामात खकनारकडचा कापूस जिनात आणायची, बाकीचे दिवस केळी स्टेशनला न्यायची. मग ती जळाली, आणि तेव्हापासून पाच वर्षं अंगणात चिंचेखाली उभी आहे. लाकडी सांगाडा जळून गेला, लोखंड राहिलं. भंगारवाले आले, बऱ्हाणपुरातले आले, भुसावळचे आले. सगळ्यांना मी परत पाठवलं. ह्यांची निशाणी आहे, हात लावायचा नाही, असं मी सांगत आले. नंदकुमार किल्ली मागायचा तर मी म्हणायचे, माझ्यामागं तुझीच आहे, तोवर धीर धर. चाकांतली हवा गेली, टायर मातीला चिकटले, कोंबडीनं सीटखाली अंडी घातली. मी कोणाला तिच्याखाली जाऊ दिलं नाही. का जाऊ दिलं नाही हे मला कोणी विचारलं नाही, आणि मीही मला विचारलं नाही.

पण गेल्या दिवाळीत राजधानीचं नागपूर गेलं आणि भोपाळ आलं. आम्ही जिथं होतो तिथंच बसलेलो, ताप्तीही तिथंच, फक्त कागद बदलले. पूर्वी कचेरीचा कागद मराठीत मागितला तर मिळायचा. आता सगळं हिंदीत. मी दोन यत्ता शिकलेली. अक्षरं तीच आहेत, मला लागतात, पण वाचून संपलं की हातात काही राहत नाही. नव्या राज्याचं नवं परमिट, जुन्या गाड्यांची नव्यानं तपासणी, ती खांडव्याला. नंदकुमारच्या डोक्यात भरलं की आत्ता लॉरी उभी केली तर चांदनी स्टेशनावर केळी पोचवायचं काम मिळेल. त्यानं पंडित मिस्त्रीला आणलं. मिस्त्रीनं टाकीत काडी घातली, काडी लाल होऊन वर आली. म्हणाला, "मांजी, टाकी धुल जायेगी, पर नली नहीं बचेगी. टाकी से इंजन तक पूरी लाइन नयी डालो." मी म्हटलं, डाल. एका लॉरीसाठी किती दिवस मेलेल्या माणसाचं नाव घेत बसायचं, असं मला त्या दिवशी वाटलं खरं.

तर आज सकाळी मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते आणि मिस्त्री नव्या लोखंडी नळीत वाळू भरत होता. नदीची बारीक चाळलेली, उन्हात सुकवलेली वाळू. एक तोंड लाकडी खुंटीनं बंद करायचं, वाळू ठासायची, दुसरं तोंड बंद करायचं आणि मग गुडघ्यावर नळी वाकवायची. तशी वाकवली तर नळी चेपत नाही, आत पोटभर वाळू असल्यावर बाहेरून कितीही जोर लावा, तिचा गोल गोलच राहतो. मला हे कोणी सांगायला नको होतं. माझं माहेर रावेरचं, माझे वडील, दादा, तांब्याची भांडी घडवायचे. बंबाची नळी ते अशीच वाकवायचे, फक्त वाळूऐवजी राळ भरायचे. मिस्त्री वाकवत होता आणि माझे हात सुपात आपोआप तिकडे कलत होते. डावीकडे जोर जास्त होतोय, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. बायकांनी नळी वाकवायची नसते.

तेवढ्यात नंदकुमार कागद घेऊन आला. दुपारच्या गाडीनं त्याला खांडव्याला जायचं होतं. "आई, सही." मी म्हटलं, "वाच." "काय वाचू, नेहमीचंच आहे." "माझी सही आहे ना? मग वाच." तो वाचायला लागला. गाडीचा नंबर, मालकिणीचं नाव, श्रीमती रंभाबाई, पुढं ह्यांचं नाव, मग एक ओळ त्यानं भरभर वाचून पुढं ढकलली. मी सुपावरचा हात थांबवला. "काय म्हणालास ते?" "पूर्व दुर्घटना का कारण." "म्हणजे?" "आधी अपघात झाला होता, त्याचं कारण विचारतात." "काय लिहिलंस?" "जुन्या नोंदीत आहे तेच. चालक द्वारा बीड़ी पीना." आणि आवाज खाली करून म्हणाला, "ते बदललं तर ते वीस प्रश्न विचारतील, आई. लॉरी राहील बाजूला."

लॉरीखालून उखर्डूचे पाय दिसत होते. ते हलले नाहीत. आवाज खाली केला तरी अंगण केवढं आहे? मला अलकानं रात्री सांगितलं होतं ते आठवलं: उखर्डूचा लायसनसाठी अर्ज खांडव्याला पडून आहे, कचेरीनं त्याला सांगितलंय, मालकिणीचा कागद काय येतो बघू, मग ठरवू. नंदकुमारनं त्याला म्हटलं होतं, तू लॉरीला हात लाव, मी बघतो. म्हणून तो चार दिवस माझ्या अंगणात उताणा पडून गंज खात होता. आणि नंदकुमारनं बघितलं ते हे. माझ्या मुलात हे कुठून आलं, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि लगेच सोडून दिला, कारण उत्तर ओट्यावरच बसलं होतं.

पाच वर्षं उखर्डू इथल्याच लालबागच्या स्टेशनावर केळीचे घड डब्यात चढवतो. गाव त्याला बिडी उखर्डू म्हणतं. ते नाव गावानं ठेवलं नाही, मी ठेवलं. कापूस दोन दिवस धुमसत होता, त्याचा वास माझ्या लुगड्यांना होता, उशांना होता, देवाच्या वातींना होता. उखर्डूला दवाखान्यात ठेवलं होतं, डावा कान गेला होता, दोन बोटं एकमेकांना चिकटली होती. मी सीटखालून त्याचा पत्र्याचा डबा काढला, काळा पडलेला, आत बिड्यांची राख, आणि फाटकात उभी राहून, आळी जमलेली असताना म्हटलं, "हे बघा कारण." हे माझ्या मागं उभे होते. हे काही बोलले नाहीत. मला वाटलं, पटलं. ह्यांचं न बोलणं मी आयुष्यभर पटलं असंच धरत आले, लग्नाच्या दिवसापासून. मग ह्यांनी कागद केला, कचेरीनं लायसन काढून घेतलं. उखर्डू बरा होऊन आला तेव्हा ह्याच फाटकात उभा राहिला, कानाला पट्टी, आणि मी त्याला आत येऊ दिलं नाही. "कापसाच्या ढिगावर बसून बिडी ओढणारा गडी माझ्या दारात नको." त्यानं ह्यांच्याकडे पाहिलं. मला तेव्हा वाटलं, दया मागतोय. तो खाली मान घालून गेला आणि मी आत जाऊन कुकवाचा करंडा घासत बसले, का ते आठवत नाही, तो घासायची काही गरज नव्हती.

"निकली!" मिस्त्री ओरडला. लॉरीखाली शिरून त्यानं जुनी नळी ओढून बाहेर काढली होती. आठ-नऊ हात लांबीची तांब्याची नळी, हिरवी-काळी पडलेली, दोन तुकड्यांत. जिथं तुकडे झाले होते तिथं त्यानं नखानं खरवडलं, मग पान्याच्या टोकानं. हिरव्याखालून पांढरं चमकलं. तो पांढऱ्याकडे बघत राहिला आणि मग हसायला लागला. "अरे बाप रे. नंदू भैया, ये देखो. कलई है! पेट्रोल की नली पर कलई! किस रसोइये ने जोड़ी है ये?" नंदकुमारला काही कळलं नाही. मिस्त्रीनं त्याला समजावलं, अगदी शाळेत समजावतात तसं: हा जोड सायलेन्सरच्या वर येतो, सायलेन्सर तापतो, कल्हई आधी मऊ होते मग वितळते, नळी सुटते, पेट्रोल तापल्या लोखंडावर पडतं. "घंटा भर चढ़ाई चढ़ी होगी, और भक्क!" त्यानं ते दोन तुकडे माझ्या ओट्यावर आणून ठेवले, सुपाशेजारी, जसं मांजर उंदीर आणून ठेवतं तसं कौतुकानं.

मी ओळखलं. जोडाला ओळखायला मला हात लावावा लागला नाही. टोकावर तांब्याच्या पत्र्याची पट्टी गुंडाळलेली होती, दोन बोटं रुंद, एका जुन्या पळीच्या दांड्याची कापलेली. त्या पट्टीची कड मी कानशीनं घासली होती. ती पळी माझ्या लग्नातली होती.

लॉरी जळण्याआधीची ती दुपार होती. हे घरात आले ते वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन तुकडे घेऊन. हंगाम भरात होता, दुसऱ्या दिवशी खकनारहून माल आणायचा होता, नवी नळी मुंबईहून यायला पंधरा दिवस. "तांबटाकडे टाकतो," म्हणाले, "पण तो शुक्रवारशिवाय भट्टी लावत नाही." मी म्हटलं, "इकडे द्या." हे हसले. "तुला येतं?" त्या हसण्यात काही वाईट नव्हतं, आणि म्हणूनच ते मला लागलं. रावेरच्या अंगणात दहा वर्षं भात्याच्या मागं उभी राहून मी पितळेची झाळ, आगीतही न सुटणारा पक्का जोड, कशी देतात ते बघत आले होते. टाकणखार कधी टाकायचा, पितळ कधी पाण्यासारखं पळतं, तांबं कोणत्या रंगाला आलं की थांबायचं, मला सगळं डोळ्यांनी येत होतं. पण भट्टीला बाईनं बसायचं नाही, भट्टी विटाळते. माझा धाकटा भाऊ मधुकर, ज्याला शेंबूड पुसता येत नव्हता, तो बसायचा. मला एक दिवस फार राग आला तेव्हा दादांनी मला कथलाची कांडी दिली, नवसागराचा खडा दिला आणि कापसाचा बोळा दिला. "घे. कल्हई कर. कल्हई बायकांनी केलेली चालते." तेवढंच मला मिळालं. मी ते असं शिकले की दादांकडे येणाऱ्या बायका म्हणायच्या, आम्हाला रंभाच्या हातची कल्हई पाहिजे, आरशासारखी. जे मिळालं ते इतकं चांगलं केलं की जे मिळालं नव्हतं ते कोणाला आठवू नये.

शेगडीवर मी नळी तापवली. चिंचेनं घासली, राखेनं घासली. नवसागराचा धूर झाला, हे खोकत बाहेर गेले, दारातून बघत राहिले. कथील पट्टीखाली शिरलं, सगळीकडे सारखं, एक थेंब बाहेर नाही. बोळ्यानं पुसलं. "बघा, रेघ दिसते का कुठं," मी म्हटलं. ह्यांनी नळी डोळ्यांजवळ धरली, वळवून पाहिली. म्हणाले, "नाही हं." पंचवीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्या कशालाही असं 'नाही हं' म्हटलं नव्हतं. ते मी जपून ठेवलं. ह्यांच्या मागं किती वेळा मी ते काढून पाहिलं, दुपारी एकटी असताना, सणाला, ह्यांच्या तिथीला. 'रेघ दिसते का', 'नाही हं', आणि दारातलं ऊन. पण त्या दोन वाक्यांच्या आधी आणखी एक बोलणं झालं होतं, ते मी कधी काढलं नाही. आज पांढरं चमकल्यावर ते आपण होऊन बाहेर आलं, आवाजासकट. मी विचारलं होतं, "ही बसते कुठं?" हे म्हणाले होते, "खाली. चासीच्या कडेनं, सायलेन्सरवरून पुढं." "सायलेन्सर म्हणजे?" "धुराचा नळ. हात लावलास तर कातडं सोलून निघेल."

हे मी ऐकलं होतं. रिकामं भांडं चुलीवर राहिलं तर कल्हई उतरते, हे घरातल्या कोणत्या बाईला माहीत नाही? अलकालाही माहीत आहे, जिला पोळी गोल लाटता येत नाही. बंबाच्या नळीला दादा चुकूनही कथील लावत नसत, आत निखारे असतात म्हणून. मला हे सगळं माहीत होतं आणि माझ्या हातात तो जोड होता, गरम, सुरेख, आणि हे दारात उभे राहून बघत होते. मी क्षणभर थांबले होते. हेही आज आठवलं. बोळा हातात धरून थांबले होते. मग पुसलं, आणि म्हटलं, बघा, रेघ दिसते का.

"कोणी लावली असेल ही?" नंदकुमार विचारत होता. "तांबट असं करणार नाही." मिस्त्री म्हणाला, "तांबट करे तो उसका हाथ काट दो. ये किसी अनाड़ी का काम है." अनाडी. मी तांदळातला एक खडा शोधत होते, खडे केव्हाच संपले होते. गप्प राहिलं असतं तर भागलं असतं. सही करायची, नळी भंगारात टाकायची, दुपारची गाडी. बाप मेला, नवरा मेला, आणि जोड ओळखणारं तिसरं कोणी नाही.

लॉरीखालून आवाज आला. "मीच लावली व्हती, मिस्त्री."

उखर्डू बाहेर सरकला, उठून बसला. तोंडावर गंज, केसांत गंज. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही. "हंगामाची घाई व्हती. मीच जोडून टाकली. मालकाले बी सांगलं नाही."

नंदकुमारला मोकळं वाटलं, ते मला दिसलं. "बघ आई. म्हणजे बिडी नाही तर हे, चूक त्याचीच. मग जे लिहिलंय ते राहू दे." त्यानं पेन पुढं केलं. मिस्त्री मान हलवत म्हणाला, "तू तो आदमी मारने का धंदा करता था रे." उखर्डू हसला. जळालेल्या बाजूनं त्याचं हसणं ओढलं जातं. त्यानं त्या हसण्यावर आपलं लायसन सोडून दिलं होतं, चार दिवसांची मेहनत सोडून दिली होती, आणि मला त्याचं काही वाटण्याआधी राग आला. इतका राग मला कधी आला नव्हता. माझ्या जोडाला तो स्वतःचा म्हणत होता.

सूप बाजूला ठेवून मी उठले. ओट्यावरून खाली उतरले, लॉरीपाशी गेले, जिथं मी पाच वर्षं गेले नव्हते.

"हात दाखव."

"काय, बाई?"

"हात दाखव तुझे."

त्यानं दाखवले. उजवा चांगला, डाव्याची दोन बोटं एक झालेली. "ह्या हातांनी लावलीस? सांग, कथलाआधी नवसागर कशाला टाकतात?"

तो म्हणाला, "टाकत असतील कशाले तरी."

मिस्त्री फस्सकन हसला आणि माझ्याकडे पाहून थांबला.

"आणि पट्टीची कड कानशीनं का घासायची? कापूस कोणता घ्यायचा, सरकीचा की पिंजलेला? किती वेळ धरायची नळी? बोल ना. तुझं काम आहे ना?" माझा आवाज चढला होता. समोर भागाबाईचं सूप थांबलं. "गधड्या, तुला चपलेचा अंगठा शिवता येत नाही, तू असा जोड देशील? पाच वर्षं लोखंडाला गंज चढला आणि ही पट्टी अजून पळीसारखी गोल आहे. हा माझा जोड आहे. मी दिलाय."

नंदकुमार म्हणाला, "आई, हळू." अलका दारात येऊन उभी राहिली होती.

"हळू काय? तुझ्या बापानं आणली, मी जोडली, आणि ती सायलेन्सरवरून जाते हे मला सांगून झालं होतं. तुला माहीत होतं, उखर्डू?"

त्यानं हात मांडीला पुसले. मग म्हणाला, "हो बाई."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. दवाखान्यात नेण्याआधी. मालक खाली शिरले व्हते, मी वाकून पाह्यलं. नळी जोडातून निसटली व्हती." तो आता माझ्याशी नाही, मातीशी बोलत होता. "मंग बरा झाल्यावर मालकानी मले इच्छापूरले नेलं. देवीच्या पायरीवर हात ठेवाले लावला. म्हणे, रंभाले कळलं त ती जगायची नाही. म्हणे, तू गडीमाणूस हायेस, तू सहन करशील."

फाटकातलं ते पाहणं. तो ह्यांच्याकडे दया मागत नव्हता, शपथ मोडू का असं विचारत होता. आणि हे माझ्या मागं उभे राहून त्याला नाही म्हणत होते, न बोलता, जसं हे सगळं न बोलताच करायचे. ती जगायची नाही. कोणत्या बाईबद्दल बोलत होते हे? मी तर जगले असते. आळीत उभी राहून म्हटलं असतं, माझ्या हातानं जाळली, काय करायचं ते करा, आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाक केला असता. उखर्डूच्या बायकोला घरात आणून ठेवलं असतं. मी जगले नसते असं ज्याला वाटलं त्यानं माझ्याबरोबर पंचवीस वर्षं काढली होती. मला भट्टीजवळ बसू दिलं नाही ते दादांनी, आणि ह्यांनी मला माझ्याच आगीजवळ बसू दिलं नाही. दोघांनाही मी नीट लुगड्यात गुंडाळून ठेवायची वस्तू वाटले. आणि तो तिसरा, ज्याला मी गडी म्हणत होते, तोही त्यांच्यातलाच निघाला. माझ्या दारात येऊन, गंज खाऊन, आजही मला सांभाळून घेत होता.

"कागद आण," मी नंदकुमारला म्हटलं.

"आई, हे असं लिहून चालत नाही. मालकीण स्वतःच..."

"बीड़ी खोड. लिही, जोड कमजोर होता, मालकिणीनं स्वतः दिला होता, चालकाचा दोष नाही. हिंदीत कर."

"परमिट अडकेल, आई. केळीचं काम जाईल."

"मग जाऊ दे. पाच वर्षं उभी होती, आणखी पाच राहील."

त्यानं मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री गंभीरपणे म्हणाला, "लिख दो भैया. चालक निर्दोष." नंदकुमारनं लिहिलं, पेन इतकं दाबून की कागद फाटतो की काय. मला वाचून दाखव म्हणाले नाही, मी स्वतः वाचलं, अक्षर अक्षर, बोट ठेवून. 'निर्दोष' मला कळलं. खाली सही केली. रंभाबाई हे नाव मी शाळेत शिकले तसंच काढते, 'बा'चा काना लांब.

उखर्डू उभा राहिला होता. त्याचे डोळे भरले होते, मला ते अजिबात बघायचं नव्हतं. तो खाली वाकला, माझ्या पायांकडे हात नेला. म्हणाला, "बाई, शपथ मोडली माझी." मी पाय मागं घेतले. मिस्त्री, अलका, नंदकुमार, समोरच्या ओट्यावरची भागाबाई, सगळे ऐकत होते, आणि ऐकावं असंच मला वाटत होतं.

"शिवू नकोस मला. ऊठ. लायसन तुला मिळेल, ते तुझंच होतं, त्यात माझा उपकार नाही. मी तुझं नाव खराब केलं, ते मी ह्या आळीत ओरडून केलं होतं, आता ओरडूनच परत केलं. तेवढं झालं. पण तुला मी सोडणार नाही, उखर्डू. पाच वर्षं मी बिडी-बिडी करत गावभर फिरले, आणि तू ऐकत होतास. मी खोटं बोलतेय हे तुला दर वेळी माहीत होतं, आणि दर वेळी तू मला बोलू दिलंस. एकदा फाटकात उभं राहून म्हणायचं होतंस, बाई, तोंड सांभाळा, जोड तुमचा होता. मी तुला मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या, पण माणूस म्हणून तू माझ्याशी बोलला असतास. तू काय केलंस? माझी कीव केलीस. रंभाबाईची कीव करणारा तू कोण रे?"